अमरत्वाचे आमिष आणि आपली मुले

काही महिन्यांपूर्वी जुहरच्या नमाजनंतर कंधार तालुक्यातील एक गृहस्थ मशिदीत थांबले. त्यांची मुलगी लातूरच्या एका वसतिगृहात राहून बारावी आणि नीटची तयारी करत होती. सुट्टीत ती घरी आली असता तिचा मोबाईल त्यांच्या हाती पडला. त्यात रक्त पिणाऱ्या पिशाचांच्या प्रेमकथा होत्या. चित्रपटांचे तुकडे होते, नायकाची छायाचित्रे होती. ते इतके अस्वस्थ होते की, बोलताना त्यांचा आवाज कापत होता. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "मौलाना, मुलीला परत आणू का? शिक्षण बंद केले तर गुनाह तर होणार नाही ना?"

खरे सांगायचे तर, "आणा" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. परंतु ज्या गोष्टीचे आपल्याला ज्ञान नाही तिच्या मागे लागू नये, कारण कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांबाबत विचारणा होणार आहे, अशी ताकीद दिव्य कुरआनने दिली आहे (सूरह बनी इस्राईल, १७:३६). एका मुलीच्या आयुष्याचा निर्णय देण्यापूर्वी ती काय पाहते आणि का पाहते, हे जाणून घेणे माझे कर्तव्य होते. मी त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागितली आणि त्यांच्याकडेही एक काम सोपवले. "मुलीला रागावू नका. या कथांमध्ये तिला काय आवडते, एवढेच शांतपणे विचारा," असे मी त्यांना सांगितले.

त्या आठ दिवसांत जे वाचले, समजून घेतले आणि कुरआन व हदीसच्या कसोटीवर पारखले, ते आज प्रिय वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवीत आहे. मुलीने दिलेले उत्तरही शेवटी सांगतो.

या कथा आल्या कोठून?

मेलेला माणूस उठतो आणि जिवंतांचे रक्त पितो, ही कल्पना युरोपच्या लोकसमजुतींत जुनी आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला' या १८९७ च्या कादंबरीने तिला जगभर नेले. त्या कादंबरीतील पिशाच भयंकर आहे. वाचकाने त्याच्यापासून दूर पळावे, अशीच तिची मांडणी आहे. आपल्या मराठी मुलखालाही असे पात्र परके नाही. विक्रम राजाच्या खांद्यावरील वेताळाच्या पंचवीस कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये त्यातील काही कथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा वेताळासाठी त्यांनी 'व्हॅम्पायर' हाच शब्द वापरला. पण आपला वेताळ प्रश्न विचारत असे आणि राजाला न्यायाने उत्तर द्यावे लागे. ती कथा ऐकून कोणा मुलाला वेताळ व्हावेसे वाटले नाही.

मोठा बदल अलीकडचा आहे. स्टेफनी मेयर यांची 'ट्वायलाइट' ही कादंबरी २००५ मध्ये आली आणि २००८ ते २०१२ या काळात त्या मालिकेवर पाच चित्रपट निघाले. जगभरातून त्यांनी तीन अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली. यातील नायक पिशाच असला तरी देखणा, श्रीमंत आणि सभ्य आहे. १९१८ पासून तो सतरा वर्षांचाच राहिला आहे. नायिकाही सतरा वर्षांची, परंतु ती खरोखरच सतरा वर्षांची. भयाचे पात्र येथे आकर्षणाचे पात्र झाले.

ही लाट लगेच आपल्याकडे आली. २०१० मध्ये स्टार वन वाहिनीवर 'प्यार की ये एक कहानी' ही महाविद्यालयीन पिशाच-प्रेमाची हिंदी मालिका सुरू झाली. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट खेड्यापाड्यांत पोहोचले आणि चित्रपटगृहाची गरजच उरली नाही. २०२४ मध्ये कोकणातील मुंजाच्या समजुतीवर 'मुंज्या' आला, ज्यात मेलेल्या मुलाचा आत्मा लग्नाच्या हट्टाने पछाडलेला आहे. तर २०२५ च्या दिवाळीत वेताळांची प्रेमकथा सांगणारा 'थामा' आला. या दोन्ही हिंदी चित्रपटांचे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार हे मराठी आहेत. म्हणजे ही केवळ अमेरिकेची गोष्ट राहिलेली नाही. नांदेडच्या शिकवणीतून परतणारा मुलगा आणि लातूरच्या वसतिगृहातील मुलगी रात्री अंथरुणात जे पाहतात, त्यातही ती आहे.

पहिली कसोटी : भय कोणाचे?

इस्लामपूर्व अरबांमध्ये 'हामा' नावाची एक समजूत होती. हदीसच्या भाष्यकारांनी तिचे वर्णन करून ठेवले आहे. खून झालेल्या माणसाचा सूड घेतला गेला नाही, तर त्याच्यातून एक पक्षी बाहेर पडतो आणि "मला पाजा, मला पाजा" असा टाहो फोडतो. मारेकऱ्याचे रक्त सांडल्यावरच त्याची तहान भागते, असे ते मानत. वाचकहो, मेलेल्याला रक्ताची तहान लागते ही समजूत युरोपातच नव्हे, अरबस्तानातही होती. तिच्यापायी टोळ्याटोळ्यांत सूडसत्र चालत असे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी अपशकुनाबरोबरच हामाचाही स्पष्ट इन्कार केला (बुखारी, मुस्लिम). वाळवंटात रूप बदलून वाटसरूंना चकवणाऱ्या 'गूल'च्या समजुतीचाही त्यांनी इन्कार केला (मुस्लिम).

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जिन्न ही अल्लाहची निर्मिती आहे, यावर आपला ईमान आहे. परंतु मेलेला माणूस कबरीतून उठून रक्त पीत फिरत नाही. मृतांचे उठणे एकाच दिवशी आहे आणि तो कयामतचा दिवस आहे. जे लोक जिन्नांचा आश्रय मागत, त्यांचे भय आणि भटकणे वाढतच गेले, असे कुरआन सांगतो (सूरह अल्-जिन्न, ७२:६). हे चित्रपट पाहून रात्री दिवा लावून झोपणारी लहान मुले आपल्याही घरांत आहेत. त्यांना हसू नका आणि ताईत शोधत फिरू नका. त्यांना आयतुल कुर्सी आणि शेवटच्या दोन सूरह अर्थासह शिकवा. रक्षण करणारा एकच आहे, हे ज्या मुलाला कळते, त्याला अंधाराचे भय उरत नाही.

रक्ताचा विषयही येथेच संपवू. वाहते रक्त आपल्या शरीअतमध्ये निषिद्ध आणि अपवित्र आहे (सूरह अल्-अनआम, ६:१४५). बकरी ईदला दरवर्षी आपली मुले रक्त जमिनीवर वाहू दिलेले पाहतात. जे अन्न म्हणून निषिद्ध, ते प्रेमाचे चिन्ह म्हणून पडद्यावर सजवले जात असेल, तर त्या सजावटीकडे आपण सावधपणे पाहिले पाहिजे. वाईटाला सुंदर करून दाखवीन, ही तर इब्लीसने घेतलेली शपथ आहे (सूरह अल्-हिज्र, १५:३९).

दुसरी कसोटी : अमरत्व

मला वाटते, या कथांचे सर्वांत मोठे आमिष रक्त नव्हे आणि देखणेपणही नव्हे. ते आमिष आहे, कधीही न मरण्याचे आणि कधीही म्हातारे न होण्याचे. अठरावा वाढदिवस आला की नायिका व्याकूळ होते, कारण नायक सतराचाच राहणार. शेवटी तीही पिशाच होते आणि कथा सुखात संपते.

हे आमिष मानवजातीला पहिल्यांदा कोणी दाखवले, आठवा. शैतानने हजरत आदम (अ.स.) यांना हेच सांगितले होते की, मी तुम्हाला अमरत्वाचे झाड दाखवू का आणि असे राज्य, जे कधी जीर्ण होत नाही? (सूरह ताहा, २०:१२०) म्हणजे जगातील पहिला मोह अमरत्वाचा होता आणि पहिली फसवणूकही त्याचीच. त्यावर कुरआनचे उत्तर असे की, प्रेषितांपूर्वीही कोणा मानवाला अमरत्व दिले गेले नाही आणि प्रत्येक जिवाला मृत्यूची चव घ्यायची आहे (सूरह अल्-अंबिया, २१:३४-३५). गुहेत शतकानुशतके झोपलेले ते ईमानवंत तरुणही अल्लाहच्या आज्ञेने जागे झाले आणि अखेर मृत्यू पावले. त्यांचा गौरव न मरण्यात नव्हता. तरुण वयात आपल्या रबवर ईमान राखण्यात होता (सूरह अल्-कहफ, १८:१३).

आपल्या भागातील लोकांना हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरातील गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. रात्री गणेश विसर्जन उरकून झोपलेले तरुण, पाळण्यातील बाळे आणि वृद्ध, सारे एकाच ढिगाऱ्याखाली आले. ज्या वडीलधाऱ्यांनी त्या ढिगाऱ्यांतून माणसे काढली, त्यांच्यापुढे मृत्यूचा खेळ करता येत नाही. मुलांना त्यांच्याजवळ बसवा. मृत्यू खरा आहे, हे कळलेला तरुण निराश होत नाही. उलट त्याला वेळेचे मोल कळते. अमरत्वाची ओढ खोटी नाही. ती ओढ मानवाच्या अंतःकरणात आहे, कारण आखिरतचे चिरंतन जीवन सत्य आहे. शैतान एवढेच करतो की, त्या खऱ्या तहानेला चुकीच्या विहिरीकडे नेतो.

तिसरी कसोटी : प्रेम आणि परवानगी

न्यायाने बोलणे हे ईमानवंताचे कर्तव्य आहे. कोणाशी मतभेद असला तरी न्याय सोडता येत नाही (सूरह अल्-माइदा, ५:८). म्हणून हेही सांगितले पाहिजे की, 'ट्वायलाइट'चा नायक विवाहापूर्वी शारीरिक संबंध नाकारतो. आजच्या अनेक चित्रपटांत एवढाही संयम दिसत नाही. मुलांशी बोलताना ही गोष्ट लपवू नका, अन्यथा आपल्या इतर बोलण्यावरही ती विश्वास ठेवणार नाहीत. परंतु तोच नायक रात्र रात्र नायिकेच्या खोलीत घालवतो. कुरआनने व्यभिचार करू नका एवढेच म्हटले नाही. त्याच्या जवळही जाऊ नका, असे म्हटले (१७:३२). दरीच्या काठावर चालणाऱ्याच्या धैर्याचे कौतुक करायचे नसते; त्याला मागे बोलवायचे असते.

त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. पहिल्याच चित्रपटात नायक कबूल करतो की, नायिका झोपलेली असताना तो तिच्या नकळत खोलीत येऊन तिच्याकडे पाहत राहतो. ती रागावत नाही. प्रेक्षक मुलींनीही ते प्रेमाचे लक्षण मानले. पुढे तिने आपल्या एका मित्राकडे जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीचे इंजिनच बंद पाडतो. तेही प्रेमच!

आता इस्लामचा दंडक पाहा. दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलाम यांशिवाय पाऊल टाकू नका, असा आदेश आहे (सूरह अन्-नूर, २४:२७). घरातील मुले वयात आली की त्यांनीही मोठ्यांप्रमाणे परवानगी घ्यावी (२४:५९). एकदा एका माणसाने प्रेषितांच्या खोलीत छिद्रातून डोकावले, तेव्हा त्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली आणि परवानगीचा नियम नजरेसाठीच घालून दिला आहे, असे स्पष्ट केले (बुखारी, मुस्लिम). मग जो झोपलेल्या मुलीकडे तिच्या नकळत पाहतो, तो प्रेमी कसा? तो मर्यादा ओलांडणारा आहे, मग तो कितीही देखणा असो. आपल्या मुलींना हे शिकवा. मुलांना तर आधी शिकवा. कारण नजर खाली ठेवण्याचा आदेश कुरआनने प्रथम पुरुषांना दिला आहे (२४:३०).

एकतर्फी प्रेमाविषयीही आपल्याकडे एक अत्यंत कोमल हदीस आहे. हजरत बरीरा (रजि.) या दासी होत्या. त्यांना मुक्त करण्यात आले, तेव्हा पती मुगीस (रजि.) यांच्यासोबत राहायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना मिळाला. त्यांनी वेगळे होणे पसंत केले. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून त्यांच्या मागे रडत फिरत; अश्रू दाढीवरून ओघळत. प्रेषितांना त्यांची दया आली आणि त्यांनी बरीरांना परत जाण्याविषयी सुचवले. ही आज्ञा आहे काय, असे बरीरांनी विचारले. आपण केवळ शिफारस करत आहोत, असे प्रेषितांनी सांगितले. त्यावर आपल्याला त्यांची गरज नाही, असे बरीरा म्हणाल्या, आणि विषय तेथेच संपला (बुखारी). विचार करा, अल्लाहच्या प्रेषितांची शिफारस होती, पतीचे अश्रू खरे होते, तरीही एका मुक्त झालेल्या दासीच्या 'नाही'चा मान राखला गेला. ज्या तरुणाला ही हदीस समजली, तो कोणा मुलीच्या शिकवणीच्या रस्त्यावर उभा राहणार नाही.

आणि वडिलांनीही दुसरी हदीस ध्यानात घ्यावी. खन्सा बिन्त खिदाम (रजि.) यांचा विवाह त्यांच्या वडिलांनी त्यांच्या इच्छेविरुद्ध लावला होता. त्या प्रेषितांकडे आल्या आणि प्रेषितांनी तो विवाह रद्द ठरवला (बुखारी). परवानगीचा नियम प्रियकरालाच नव्हे, पित्यालाही लागू आहे.

कुरआनमधील तरुण

आपल्या मुलांना कथा हव्या असतात, यात दोष नाही. कुरआनने हजरत यूसुफ (अ.स.) यांच्या वृत्तांतालाच सर्वोत्तम कथन म्हटले आहे (१२:३). तेथे तारुण्य आहे, सौंदर्य आहे, बंद केलेले दरवाजे आहेत. यूसुफ (अ.स.) अल्लाहचा आश्रय मागून दरवाजाकडे धावले आणि सदरा मागून फाटला, तोच त्यांच्या निर्दोषत्वाचा पुरावा ठरला. पापापेक्षा त्यांना तुरुंग प्रिय वाटला (१२:३३).

मदयनची कथाही अशीच आहे. हजरत मूसा (अ.स.) यांनी दोन बहिणींच्या जनावरांना पाणी पाजले आणि काही न मागता सावलीत जाऊन बसले. नंतर त्यांतील एक लज्जेने चालत आली आणि वडिलांचा निरोप सांगून गेली. पुढे मुलीने वडिलांना सुचवले की, यांना कामावर ठेवा. ते बलवान आहेत आणि विश्वासूही (२८:२३-२६). तिने मनातले वडिलांना सांगितले, कारण त्या घरात ते सांगता येत होते. वडिलांनी ते ऐकले आणि निकाहचा प्रस्ताव ठेवला. ही कथा मुलांना सांगताना त्या पित्याकडेही पाहा.

निकाहचा हेतू कुरआनने शांती, स्नेह आणि दया या शब्दांत सांगितला आहे (३०:२१). चित्रपटातील नायक सोडून गेल्यावर नायिका महिनोन्‌महिने खचून जाते, जीव धोक्यात घालते, कड्यावरून समुद्रात उडी घेते. जे प्रेम जिवावर उठते, ते कुरआनचे प्रेम नव्हे. स्वतःला विनाशात लोटण्यास अल्लाहने मनाई केली आहे (२:१९५). परीक्षेच्या ताणाखाली एकट्या राहणाऱ्या मुलांना ही गोष्ट मायेने आणि पुन्हा पुन्हा सांगण्याची गरज आहे.

त्या मुलीचे उत्तर

आठ दिवसांनी ते गृहस्थ परत आले. मुलीने सुरुवातीला काहीच सांगितले नव्हते. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अब्बा, त्यात कोणीतरी तिच्यासाठी रात्रभर जागे असते. वसतिगृहात मी जेवले की नाही, हे कोणी विचारत नाही. तुम्ही फोन करता, तेव्हा फक्त चाचणीचे गुण विचारता."

हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मीही गप्प राहिलो. ती मुलगी पिशाचाच्या नव्हे, विचारपूस करणाऱ्या माणसाच्या शोधात होती.

मी त्यांना परत आणण्याचा सल्ला दिला नाही. मुलीला शिक्षणापासून तोडले असते, तर ती एकच गोष्ट शिकली असती की, अब्बांना खरे सांगायचे नसते. त्यांचा थोरला मुलगाही नांदेडला शिकतो. त्याचा मोबाईल त्यांनी कधी पाहिला आहे काय, असे मी विचारले. त्यांनी मान खाली घातली. मुलीसाठी एक न्याय आणि मुलासाठी दुसरा, हा अल्लाहचा न्याय नव्हे. मुलींचे संगोपन ज्याने चांगले केले, त्याच्यासाठी त्या नरकाग्नीपासून आड होतील, अशी शुभवार्ता आहे (बुखारी, मुस्लिम). ही शुभवार्ता पहारा देणाऱ्यासाठी नाही, चांगले वागवणाऱ्यासाठी आहे.

प्रेषितांकडे एका तरुणाने थेट व्यभिचाराची परवानगी मागितली, तेव्हा लोक त्याच्यावर धावून गेले. प्रेषितांनी मात्र त्याला जवळ बसवले, आपल्या आईसाठी, मुलीसाठी, बहिणीसाठी हे आवडेल काय, असे एकेक विचारले आणि त्याच्यावर हात ठेवून दुआ केली (मुसनद अहमद). प्रश्न विचारणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे याहून चांगली पद्धत कोणती?

म्हणून वाचक पालकांना विनंती आहे. बाहेरगावी असलेल्या मुलांना इशानंतर रोज फोन करा आणि गुण सर्वांत शेवटी विचारा. आठवड्यातून एकदा कुटुंबाने एकत्र बसून सूरह यूसुफचा थोडा भाग अर्थासह वाचावा. मुले जे पाहतात त्याविषयी तीन प्रश्न त्यांनाच विचारा : यात भय कोणाचे दाखवले आहे? सुखाचे वचन कशाचे दिले आहे? आणि प्रेम म्हणून जे दाखवले, त्यात परवानगी आणि मर्यादा आहे काय? उत्तरे त्यांना शोधू द्या. आपण दिलेला निर्णय घरापुरता टिकतो. त्यांनी स्वतः केलेली पारख वसतिगृहातही त्यांच्या सोबत राहते.

ती मुलगी आजही लातूरला शिकत आहे. तिचे वडील रात्री नऊला फोन करतात आणि पहिला प्रश्न जेवणाचा असतो.

हे अल्लाह, आमच्या मुला-मुलींच्या अंतःकरणात ईमान प्रिय कर, त्यांच्या नजरेला आणि लज्जेला संरक्षण दे, आणि आम्हा पालकांना त्यांचे ऐकण्याची सद्बुद्धी दे. आमीन.